खर्जाच्या तारेवरील बोट

गवई मैफलीस बसला म्हणजे श्रोत्यांचे डोळे त्याच्या मुद्रेकडे लागतात आणि कान त्याच्या आवाजाकडे. त्याच्या मागें तंबोरा घेऊन बसलेल्या मनुष्याकडे सहसा कोणी पाहत नाहीं. त्याचें मधलें बोट पहिल्या तारेवरून उतरतें, मग तर्जनी जोडाच्या दोन तारांवरून आणि शेवटीं खर्जावरून उतरते, आणि हा क्रम तास-दीड तास अखंड चालू राहतो. परंतु तोच मनुष्य क्षणभर थांबला, किंवा एखाद्या तारेवर त्याचें बोट जरा जोरानें पडलें, तर गवयाच्या कपाळावर आठी उमटते. आणि ज्या श्रोत्यास तंबोऱ्यांतलें कांहींही कळत नाहीं त्यासही बिघाड झाल्याचें जाणवतें.

पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतांत असेंच एक मागें राहणारें वाद्य आहे. त्यास बेस गिटार म्हणतात. तें वाजत आहे हें पुष्कळांच्या ध्यानांतही येत नाहीं; तें थांबलें म्हणजे मात्र साऱ्या गाण्याखालची जमीन निघून गेल्यासारखी वाटते. श्रोतेहो, या वाद्याची तार छेडणारा जो हात, त्या हाताच्या बोटांचें कसब हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

बेस म्हणजे खालचा स्वर. हिंदुस्थानी संगीतांतील खर्ज म्हटला तरी चालेल. नेहमींच्या गिटारीस सहा तारा असतात, बेस गिटारीस बहुधा चार. या तारा लांब व जाड असतात. सर्वांत जाड तार मोकळी छेडली असतां सेकंदास सुमारें ४१ आंदोलनें करते. पुढच्या तीन अनुक्रमें सुमारें ५५, ७३ आणि ९८. पुरुष गवयानें काळी एक हा षड्ज धरला तर त्याचा मंद्र षड्ज सुमारें ६९ आंदोलनांचा होतो. यावरून ही जाड तार किती खोल बोलते याची कल्पना येईल. वाद्याचें अंग भरीव लाकडाचें असतें. तारांच्या खालीं लोहचुंबक आणि त्याभोंवतीं बारीक तारेचें वेटोळें असलेली एक पट्टी बसविलेली असते. तिला पिकअप म्हणतात. वरची तार कंप पावली कीं या वेटोळ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, आणि ध्वनिवर्धकांतून मोठा होऊन तो कर्ण्यावाटे ध्वनिरूपानें बाहेर पडतो. महाराष्ट्रांतील श्रोत्यांस या वाद्याचें नांव अपरिचित असलें तरी त्याचा आवाज अपरिचित नाहीं. मुंबईच्या चित्रपटसंगीतांत तें वाजलेलें आहे. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदांत टोनी वाझ हे तें वाजवीत असत.

या वाद्यावर डावा हात दांडीवरील पडद्यांवर तार दाबतो आणि उजवा हात तार छेडतो. डावखुऱ्या वादकांच्या बाबतींत, उदाहरणार्थ बीटल्स मंडळींतील पॉल मॅकार्टनी यांच्या बाबतींत, हें उलट समजावें. नवा शिकणारा आपलें सारें लक्ष डाव्या हाताकडे देतो, आणि तें स्वाभाविकही आहे. कारण चुकीच्या पडद्यावर बोट पडलें तर चूक तत्काळ उघडी पडते. उजव्या हाताची चूक अशी एका जागीं दाखवितां येत नाहीं. स्वर सारे बरोबर असतात, तरी गाणें लंगडत चालल्यासारखें वाटतें, आणि दोष कोठें आहे हें त्या विद्यार्थ्यास कळत नाहीं. खरें पाहतां, स्वर कोणता एवढेंच मुख्यतः डावा हात ठरवितो. तो नेमका केव्हां सुरू व्हावा, मऊ असावा कीं कडक, लहान कीं मोठा, यांचा बहुतेक भार छेडणाऱ्या हातावर असतो. आणि स्वर केव्हां संपावा यांतही त्या हाताचा अर्धा वांटा असतो.

या हाताचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. १९५१ सालीं अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत लिओ फेंडर यांनीं ‘प्रिसिजन बेस’ या नांवाची बेस गिटार विक्रीस आणली. तोपर्यंत खर्जाचें काम डबल बेस हें मनुष्याहून उंच, उभें धरून वाजवावयाचें वाद्य करीत असे. तें प्रवासांत नेणें अवघड, आणि मोठ्या बँडच्या कल्लोळांत त्याचा आवाज बुडून जाई. फेंडर यांनीं आपल्या वाद्याच्या अंगावर, तारांच्या खालच्या बाजूस, एक लहान पट्टी बसविली. वादकानें बोटें त्या पट्टीस अडकवावीं आणि अंगठ्यानें तार छेडावी, अशी त्यामागील योजना होती. लायनेल हॅम्प्टन यांच्या बँडमधील मंक माँटगोमेरी हे नवें वाद्य हातीं धरणाऱ्या अगदीं पहिल्या वादकांपैकीं होत. ते अंगठ्यानेंच वाजवीत. परंतु पुढें बहुतेक वादकांनीं अंगठा टेकून बोटांनीं छेडण्याची रीत धरिली, आणि १९७४ च्या सुमारास त्या कारखान्यानें ती पट्टी तेथून काढून तारांच्या वरच्या बाजूस, अंगठा टेकण्याच्या जागीं, बसविली. वाद्य कसें धरावें हें प्रथम घडविणारानें सांगितलें होतें. तेवीस वर्षांनीं वाजविणारांच्या हातांनीं कारखान्यास आपलें म्हणणें ऐकावयास लाविलें.

या वाजविणारांत ज्यांचें नांव आधीं घ्यावें असे वादक म्हणजे जेम्स जेमर्सन. त्यांचा जन्म १९३६ सालीं दक्षिण कॅरोलायना प्रांतांत झाला. १९५४ मध्यें ते डेट्रॉइट शहरीं आले, आणि तेथें शाळेंत असतां डबल बेस वाजवावयास शिकले. पुढें त्याच शहरांतील मोटाउन या ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या संस्थेंत ते वादक म्हणून राहिले. एका साध्या घरांत या संस्थेचें बिऱ्हाड होतें, आणि त्या घरांतील लहानशा ध्वनिमुद्रणगृहांतून १९६० नंतरच्या दहा वर्षांत जीं गाणीं बाहेर पडलीं त्यांपैकीं कित्येक जगभर गाजलीं. टेंप्टेशन्स या गायकमंडळाच्या ‘माय गर्ल’ या गाण्याचा तर आरंभच जेमर्सन यांच्या खर्जानें होतो.

हें सारें काम त्यांनीं उजव्या हाताच्या एका तर्जनीनें केलें. सोबती त्या बोटास ‘हुक’, म्हणजे आंकडा, असें म्हणत. डबल बेसवर तर्जनी तारेस लांबट टेकवून तिच्या कडेनें तार ओढावी लागते. तीच संवय त्यांनीं नव्या वाद्यावर आणली. त्यांच्या वाद्याच्या तारा जाड असत, पडद्यांपासून उंच असत, आणि तुटल्यावांचून ते त्या बदलीत नसत. घोडीवरील झांकणाच्या आंत स्पंजाचा एक तुकडा तारांस लागून असे, त्यामुळें स्वर उमटून लवकर शांत होई. अशा कठीण तारांवर, एकाच बोटानें, त्यांनीं जी लवचिक आणि बोलकी चाल काढली तिचा अभ्यास बेस गिटार शिकणारे विद्यार्थी आजही करतात.

जेमर्सन यांचें पाहून एकाच बोटानें वाजवूं लागणाऱ्या बहुतेकांस मात्र गति गांठतां येत नाहीं. एक बोट हें त्यांच्या हातास साधलें, म्हणून सर्वांस साधेल असें नाहीं. परंतु त्यांच्या उदाहरणानें एवढें सिद्ध होतें कीं बोटांची संख्या हें कौशल्याचें माप नव्हे. तें बोट तारेवर कोठें पडतें, कसें सुटतें आणि सुटल्यावर कोठें जातें, या तीन गोष्टींचा विचार प्रत्येक वादकास करावाच लागतो, मग त्याचीं बोटें एक असोत, दोन असोत कीं तीन.

प्रथम, बोट कोठें पडतें हें पाहूं जातां त्यामागें पदार्थविज्ञानाचा एक साधा नियम आहे. तार एकसंध डोलते, तशीच ती दोन, तीन, चार अशा समभागांतही डोलते, आणि या भागांपासून उपस्वर निघतात. या भागांच्या सांध्यांवर तार स्थिर असते. ज्या बिंदूवर तार छेडावी त्या बिंदूवर ज्या उपस्वराचा सांधा असेल तो उपस्वर उठत नाहीं. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा हे उपस्वर नाहींसे होऊन आवाज पोकळ व गोल येतो. जसजसें बोट घोडीकडे सरकतें तसतसे वरचे उपस्वर अधिक मिळूं लागतात आणि आवाज कडक, तेजस्वी होतो. ज्यांच्या घरीं तंबोरा असेल त्यांनीं एकच तार प्रथम मध्यावर आणि नंतर घोडीच्या अगदीं जवळ छेडून पाहावी. वाद्य बदलल्याचा भास होईल.

बेस गिटारीची बोलणारी तार बहुधा ३४ इंच असते, आणि उजव्या हातास त्यांपैकीं सात-आठ इंचांत फिरण्यास मोकळीक मिळते. दांडीच्या बाजूस तार सैल व उदार लागते. संथ गाण्यास तेथील आवाज शोभतो. घोडीजवळ तीच तार ताठर लागते, पण स्वर एकेक सुटा ऐकूं येतो. जॅको पास्टोरियस या प्रख्यात वादकाचा हात पुष्कळदां घोडीजवळ असे. हे १९५१ सालीं जन्मले आणि अवघ्या पस्तिसाव्या वर्षीं, १९८७ मध्यें, निवर्तले. लहानपणीं ते ड्रम वाजवीत. तेराव्या वर्षीं फुटबॉल खेळतांना मनगट दुखावलें, म्हणून ड्रम सोडून ते बेस गिटारीकडे वळले. त्यांचे भराभर धांवणारे स्वरही एकमेकांत मिसळून जात नाहींत, याचें एक कारण त्यांच्या हाताच्या या जागेंत आहे.

आतां, तार कशी सुटते तें पाहावें. नवशिक्यास वाटतें कीं तार बोटानें धरून वर ओढावी. तसें केल्यानें ती उसळून पडद्यांवर आपटते व खडखडते. खरी रीत अशी कीं, नखें कापलेल्या बोटाच्या टोकाचा मांसल भाग तारेवर ठेवावा, किंचित् दाबावा, आणि बोट तारेवरून पार होऊन शेजारच्या अधिक जाड तारेवर विसांवूं द्यावें. सर्वांत जाड तारेच्या पलीकडे दुसरी तार नसते. तेथें तें बोट टेकलेल्या अंगठ्यास येऊन भिडतें. हालचाल बोटाच्या मुळाशीं असलेल्या सांध्यांतून व्हावी, केवळ टोंकाच्या पेरांतून नव्हे. बोरूनें कित्ता गिरविणारा मुलगा केवळ बोटांच्या टोंकांनीं लिहूं लागला कीं त्याचें अक्षर चिरमुटतें व हात लवकर दमतो. तसाच प्रकार येथेंही होतो. या विसांव्याच्या आघाताचे दोन लाभ आहेत. प्रत्येक वेळीं बोटाचा प्रवास सारखाच राहतो, म्हणून आवाज सारखा निघतो; आणि ज्या तारेवर बोट विसांवतें ती तार आपोआप मुकी राहते.

एका बोटाचें काम समजल्यावर दुसऱ्याची गरज कां पडते हें सहज ध्यानांत येईल. गाण्याची लय मिनिटास १०० मात्रांची असली आणि एका मात्रेंत चार स्वर काढावयाचे असले, तर मिनिटास ४०० आघात होतात, म्हणजे सेकंदास जवळजवळ सात. तर्जनी व मधलें बोट यांनीं हें काम आळीपाळीनें वांटून घेतलें म्हणजे प्रत्येकाच्या वांट्यास २०० येतात, आणि एक बोट काम करीत असतां दुसऱ्यास परतण्यास वेळ मिळतो. खेड्यांत दोन बायका एकाच उखळांत आळीपाळीनें मुसळ घालतात, तो देखावा ज्यांनीं पाहिला असेल त्यांस याहून अधिक सांगावयास नको. एकीचें मुसळ वर जातें तेव्हां दुसरीचें खालीं येतें. एकीनें घाई केली तर मुसळांवर मुसळ आदळतें. एकीचा घाव जड आणि दुसरीचा हलका पडला तर दाणा सारखा सडला जात नाहीं.

हाताच्या बोटांतही तोच भेद असतो. मधलें बोट तर्जनीहून लांब, म्हणून त्याचा आघात जड पडूं पाहतो. तें थोडें अधिक वांकवून दोहोंचीं टोंकें एका रेषेंत आणावीं म्हणजे हा भेद पुष्कळ कमी होतो. डोळे मिटून ऐकणाऱ्यास कोणता स्वर कोणत्या बोटाचा हें ओळखतां येऊं नये, ही कसोटी समजावी. कांहीं वादक अनामिकाही कामास लावून तीन बोटांनीं वाजवितात. त्यानें गति वाढते; परंतु तीन बोटांत चार मात्रांचा हिशेब बसवितांना प्रत्येक वेळीं जोराचा स्वर निराळ्या बोटाकडे येतो, म्हणून समानतेची साधना तितकीच कठीण होते.

या आळीपाळीस एक अपवाद आहे. बारीक तारेवर आघात करून बोट शेजारच्या जाड तारेवर विसांवलें, आणि पुढचा स्वर नेमका त्याच तारेवर असला, तर दुसरें बोट आणण्याऐवजीं तेंच बोट पुढें ओढून घेतात. यांत श्रम वांचतात. परंतु ही उतरण सोपी असल्यामुळें बोट घसरगुंडीवर बसल्यासारखें पुढें धांवतें आणि दुसरा स्वर वेळेच्या आधीं उमटतो. श्रम वांचले तरी लय बिघडतां उपयोगाचें नाहीं. म्हणून विसांवलेलें बोट आपल्या मात्रेची वाट पाहण्यास शिकलें पाहिजे.

तिसरी गोष्ट, स्वर संपविण्याची. सतारीस तरफा मुद्दाम बसवितात; मुख्य तारेवर स्वर उमटला कीं त्या न छेडतां आपोआप गुणगुणतात, आणि त्यांतच सतारीची शोभा आहे. बेस गिटारीवर हाच अनुनाद वैऱ्यासारखा वागतो. एक तार वाजली कीं इतर मोकळ्या तारा थरथरूं लागतात, आणि खोल स्वर एकमेकांत मिसळले म्हणजे त्यांचा नुसता घोंगाट होतो. म्हणून वाजणाऱ्या तारेखेरीज बाकीच्या तारा गप्प ठेवणें हें वाजविण्याइतकेंच महत्त्वाचें काम आहे. सर्वांत जाड तार वाजवितांना अंगठा पिकअपवर टेकलेला असतो. हात पुढच्या तारेवर गेला कीं अंगठाही उतरून त्या जाड तारेवर बसतो; आणखी पुढें गेला कीं तो आडवा होऊन दोन तारांवर पहुडतो. बोटांच्या मागें अंगठा असा चालत राहतो, आणि एकेका तारेचें तोंड बंद करीत जातो. जो वादक अंगठा एकाच जागीं खिळवून ठेवतो त्याच्या मागें वाजून गेलेल्या तारांचा गोंगाट उरतो.

आघाताच्या जोराविषयीं एक मोठा गैरसमज आहे, आणि त्याचें फळ वाद्यास नव्हे, तर हातास भोगावें लागतें. सभोंवतीं ड्रमचा गडगडाट असला कीं वादकास आपला स्वर ऐकूं येत नाहीं, आणि तो अधिकाधिक जोरानें तार ओढूं लागतो. परंतु या वाद्याचा आवाज ध्वनिवर्धकानें मोठा करावयाचा असतो. त्याची कळ फिरविली असतां जें काम होतें तें बोटांनीं करूं जाणें म्हणजे मोट असतांना ओंजळीनें मळा शिंपण्यासारखें आहे. हलक्या हातास आणखी एक लाभ आहे. नेहमींचा आघात हलका असला म्हणजे एखाद्या स्वरास जोर देण्यास जागा उरते. सारेच आघात पूर्ण शक्तीचे असले तर जोराचा स्वर कोठून आणावयाचा?

हाताच्या आरोग्याचा विचार येथेंच केला पाहिजे. बोटें वांकविणारे स्नायू मुख्यतः बाहूच्या पुढील भागांत असतात. त्यांच्या नऊ दोऱ्या आणि एक महत्त्वाची मज्जा मनगटाच्या पुढील बाजूच्या एका अरुंद मार्गानें हाताच्या पंजांत शिरतात. मनगट फार वांकलें तर तो मार्ग दाटतो, आणि त्या स्थितींत बोटें तासन्‌तास हालत राहिलीं म्हणजे दोऱ्यांस सूज येते, मज्जेवर दाब पडतो, आणि बोटांस मुंग्या येऊं लागतात. पुष्कळ तरुण वादक ऐटीसाठीं वाद्य गुडघ्यापर्यंत खालीं सोडतात, किंवा बाहू वाद्याच्या कडेवर टाकून पंजा काटकोनांत खालीं लोंबकळत ठेवतात; दोन्ही प्रकारांत हातावर असा ताण पडतो. पट्टा इतका आंखूड असावा कीं वाद्य बसून जेथें येतें तेथेंच उभें राहिल्यावरही यावें. बाहू कडेवर हलकाच टेकावा, मनगट शक्य तितकें सरळ असावें, खांदा वर चढूं नये. आरंभीं बोटांच्या टोकांस फोड येतो. तो बरा होईपर्यंत विश्रांति द्यावी, म्हणजे कातडी आपोआप निबर होते. परंतु मनगटांत वेदना होऊं लागल्या किंवा बोटें बधिर झालीं तर तें शौर्याचें चिन्ह मानून पुढें वाजवीत राहूं नये. वाजविणें तत्काळ थांबवावें, आणि लक्षणें राहिलीं तर वैद्यास दाखवावें. हात एकदां गेला म्हणजे सारी विद्या डोक्यांत असूनही मुकी होते.

एवढें सांगितल्यावर असा समज होऊं नये कीं बोटांची ही एकच रीत शुद्ध आणि बाकीच्या अशुद्ध. कॅरोल के या बाई मूळच्या गिटार वाजविणाऱ्या. १९६३ सालीं एका ध्वनिमुद्रणास बेस गिटारवाला आला नाहीं म्हणून तें वाद्य त्यांनीं हातीं घेतलें, आणि पुढें लॉस एंजेलिस येथील असंख्य ध्वनिमुद्रणांत त्यांनीं तें नखीनें वाजविलें. लॅरी ग्रॅहम या वादकाची हकीगत याहून चमत्कारिक आहे. तरुणपणीं ते आपल्या आईबरोबर लहानशा मंडळींत वाजवीत. ज्या ऑर्गनच्या पायपट्ट्यांवर ते खर्ज वाजवीत तो नादुरुस्त झाला, म्हणून त्यांनीं तात्पुरती बेस गिटार आणली. पुढें ड्रमवालाही राहिला नाहीं. मोठ्या ड्रमचा ठोका चुकूं नये म्हणून ते अंगठ्यानें तारेवर प्रहार करूं लागले, आणि लहान ड्रमच्या जागीं बोटानें तार झटकून सोडूं लागले. पुढें १९७० च्या सुमारास स्लाय अँड द फॅमिली स्टोन या मंडळींतून ही रीत लोकांच्या कानीं पडली आणि तिचा स्वतंत्र संप्रदाय झाला. अडचणींतून निघालेली ही रीत पाहिली म्हणजे कळतें कीं हातानें गाण्याची गरज ओळखावयाची असते. ज्या गाण्यास जो आघात हवा तो देतां यावा, एवढ्यासाठींच मूळ शिस्त अंगीं बाणवावयाची.

ती शिस्त बाणविण्याचा अभ्यास दिसण्यांत अगदीं नीरस आहे. डाव्या हातास सुटी द्यावी. मात्रा मोजणारें यंत्र मिनिटास ६० वर लावावें, आणि एकाच मोकळ्या तारेवर तर्जनी व मधलें बोट आळीपाळीनें, मात्रेस एक आघात याप्रमाणें, पांच मिनिटें चालवावीं. मग तेंच मधल्या बोटानें आरंभ करून करावें. ज्या बोटानें आरंभ करण्याचा कंटाळा येतो त्यास अधिक शिकवणीची गरज आहे असें समजावें. त्यानंतर मात्रेस दोन, मग चार आघात. पुढें चारही तारांवरून चढावें आणि उतरावें. शेवटीं आघातांइतकेच विराम घेऊन पाहावें: एक मात्रा स्वर, एक मात्रा पूर्ण शांतता. या शांततेंत जर कोठें गुणगुण ऐकूं आली तर कोणतें बोट आपल्या जागीं नव्हतें तें शोधावें. असा पंधरा-वीस मिनिटांचा नित्य पाठ, आठवड्यांतून एकदां केलेल्या तीन तासांच्या झटापटीपेक्षां अधिक गुणकारी होतो.

आतां पुन्हां जेमर्सन यांच्याकडे वळूं जातां मन थोडें खिन्न होतें. ज्या गाण्यांवर त्यांचें बोट फिरलें तीं घरोघर वाजत होतीं. पण ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवर वादकांचीं नांवें छापण्याची त्या संस्थेची रीत नव्हती. १९७१ सालीं मार्विन गे यांची ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ ही ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हां तिच्या वेष्टनावर वादकांचीं नांवें आलीं, आणि त्यांत जेमर्सन यांचा उल्लेख गौरवानें झाला. पुढें संस्थेनें आपलें ठाणें लॉस एंजेलिसला हलविलें; जेमर्सनही तिकडे गेले, परंतु तेथें त्यांचा जम बसला नाहीं. नव्या आवाजासाठीं नव्या तारा घालावयास, आपली रीत बदलावयास ते तयार नव्हते. मद्यानेंही शरीर पोखरलें होतें. ज्या वाद्यावर हें सारें वाजविलें तें चोरीस गेलें, आणि १९८३ च्या ऑगस्टमध्यें, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षीं, त्यांचा अंत झाला. अमेरिकेंतील ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ या मानाच्या यादींत त्यांचें नांव साथीदार वादक म्हणून घातलें गेलें तें २००० सालीं, म्हणजे मृत्यूनंतर सतरा वर्षांनीं.

तंबोऱ्यावर बसलेल्या मनुष्याचें नांव निवेदकाच्या तोंडून सहसा ऐकूं येत नाहीं. खर्ज वाजविणाराचें भाग्यही फारसें निराळें नाहीं. श्रोत्यांच्या हातीं एक गोष्ट मात्र आहे. एखादें आवडतें गाणें पुन्हां कानीं पडेल तेव्हां गायकाचा आवाज क्षणभर बाजूस ठेवून त्याच्या खालीं काय चाललें आहे इकडे लक्ष द्यावें. प्रथम तेथें कांहींच नाहीं असें वाटेल. थोड्या वेळानें एक खोल स्वर सांपडेल, मग दुसरा, आणि त्या दोहोंच्या मधली शांतताही ऐकूं येऊं लागेल. ती शांतता तेथें कोणीतरी आपलें बोट वेळेवर टेकवून ठेविलेली असते.